म्हसोबाच्या पायाला पाणी लागलं की

मी नाशिकच्या पंचवटीत वाढलेली, त्यामुळे पूर म्हणजे दुतोंड्या मारुती (गोदावरीच्या पात्रातली मारुतीची उंच मूर्ती) हे डोक्यात पक्कं बसलेलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातम्यांत सांगतात, पण आमच्या घरात आकडा कुणी विचारत नाही, मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावरून सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी हे मला कामाला लागल्यावर कळलं, मारुती मात्र शाळेत जायच्या आधीपासून कळत होता.

हे आधी सांगायचं कारण, निफाड तालुक्यातल्या ज्या गावातला दिवस मला लिहायचाय तिथे मी हेच विसरून गेले होते.

मी एका संस्थेत आहे, आमचं काम गावांबरोबर बसून पुराचे आराखडे करायचं. निफाडचा हा गंगेकाठचा पट्टा (गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात) म्हणजे चांदोरी, सायखेडा आणि पुढची गावं, इथल्या पुराची तऱ्हा वेगळी आहे. गावात टिपूस नसतो, ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, कारण पाऊस पडतो वर त्र्यंबक-इगतपुरीला, तिथून गंगापूर, दारणा अशा धरणांचं पाणी खाली येतं, दारणा सायखेड्याच्या वरच्या अंगाला गोदावरीला मिळते आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा जुना बंधारा पाणी धरून ठेवतो, त्यात गाळ, त्यात पुलांना अडकणाऱ्या पाणवेली, मग पाण्याला पुढे जायला वाट नाही म्हणून ते मागे फुगतं आणि बाजूला पसरतं. २००८, २०१६, २०१९, या तीन पुरांच्या आठवणी कुठल्याही ओट्यावर बसलं की निघतात. २ ऑगस्ट २०१६ तर सगळ्यांना पाठ, त्याच रात्री तिकडे महाडला सावित्रीवरचा पूल गेला होता.

या गावाचा एक जुना आराखडा होता. कुणी केला ते लिहीत नाही, पण वाचताना कळत होतं की करणारा गावात फिरलेला नाही. निवारा: जिल्हा परिषद शाळा. होडी: १, सुस्थितीत. ती होडी ग्रामपंचायतीमागे पडलेली होती, तळाला हात जाईल एवढं भोक आणि त्यातून एरंडाचं झाड वर आलेलं. मला राग आला होता, आपण नीट करू असं म्हणत मी नकाशा छापून घेतला, नदीपासूनच्या अंतरावरून रंग भरले, लाल, पिवळा, हिरवा.

मे महिना, अकरा वाजताच अंगाची लाही लाही. मारुतीच्या देवळात सभामंडपात मीटिंग. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, तलाठी, दहा-पंधरा शेतकरी, बचत गटाच्या सात-आठ बाया. रांगोळीने फरशीवर गावाचा नकाशा काढायचा असतो, लोक स्वतः काढतात, तसा काढला, आणि तो माझ्या छापील नकाशाशी बराच जुळला म्हणून मी खूश झाले. आता वाटतं तिथेच थांबून विचार करायला हवा होता, कारण रांगोळी हातात घेतलेले सगळे गावठाणातले होते. नाल्यापलीकडच्या भिल्ल वस्तीतलं कुणीच आलेलं नव्हतं. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "ताई, ते कामावर गेलेत, आणि त्यांची वस्ती तर लांब आहे नदीपासून, तुमच्याच नकाशात हिरवी आहे की."

होती हिरवी. अंतर मोजलं तर गावठाणापेक्षा जास्तच.

चार वाजता शिवारफेरी. नाल्याजवळ आलो तर तिथे एक आजी शेळ्या चारत होती. सत्तरीची असेल, हातात काठी, डोक्यावर पदर. आम्ही नाल्यावरच्या फरशी पुलावर उभं राहून बोलत होतो, मी हाताने दाखवत होते की पूर आला की वस्तीतले लोक असे या रस्त्याने शाळेत येतील. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "कशी येतील वं ताई? हितं तर आधी पानी येतं."

मी म्हटलं, आजी, नदी तर तिकडे आहे.

"नदी तिकडंच ऱ्हाती. पानी हिकडून येतं, उलटं. नाल्यानं माघारी चढतं. गावाला पत्त्या बी नसतो तवा आमची वाट बंद."

आणि तिने काठीने दाखवलं. फरशीच्या कडेला जरा खालच्या अंगाला शेंदूर फासलेला दगड होता, म्हसोबा. त्याच्या पायाला पाणी लागलं की एक भाकर भाजून होईस्तोवर फरशी बुडते, हे तिचं माप. मग वस्ती चहूबाजूंनी पाण्यात, आणि नदीचं पात्र अजून भरायचंच असतं. २०१९ ला ४ ऑगस्टला रविवारी लोकांना "शाळेत चला" असा निरोप आला, ते अंधारात बॅटरी घेऊन निघाले, तर फरशीवर कमरेएवढं पाणी. पोरं खांद्यावर, म्हातारी माणसं मध्ये. परत फिरले, रात्रभर उसाच्या बांधावर बसले. तीन शेळ्या गेल्या.

मी हातातल्या नकाशाकडे बघत होते. फुगवटा हा शब्द मी स्वतः ट्रेनिंगमध्ये शिकवते, नदी चढली की तिला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी अडतं आणि मागे चढतं हे फळ्यावर काढून दाखवते. आणि मी काढलेला मार्ग त्या लोकांना नेमका त्याच पाण्यात घेऊन जाणार होता. पोटात गोळा आला.

पण खरं बोलणं याच्यापुढे झालं. एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, आजी, मग तुम्हाला कळत कसं नाही वेळेत, आम्हाला तर कळतं. त्याचं बरोबर होतं, नदीकाठी ज्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, धरणातून विसर्ग वाढला की पाच मिनिटांत मेसेज फिरतो, कारण मोटार बुडाली तर हजारोंचा फटका, आणि मग रात्री-बेरात्री सगळे नदीवर पळतात मोटारी ओढून वर काढायला. यात माणसं जातात सुद्धा, दरवर्षी कुठे ना कुठे ऐकायला येतं. आजी त्याच्याकडे बघून म्हणाली,

"मोटारी काढाया आमचीच पोरं नेता ना बाबा तुमी. नातू माझा तुमच्याच मोटारीवर व्हता त्या रातीला. त्यो तिकडं दोर वढत व्हता अन् आमी हिकडं बांधावर. आमाला सांगायचं तेवढं ऱ्हाऊन जातं."

आवाजात राग नव्हता. कुणीच काही बोललं नाही. तो पोरगा खाली बघत उभा राहिला, आणि मग त्याने खिशातून फोन काढला आणि आजीला विचारलं, "नातवाचा नंबर सांग, ग्रुपला घेतो." आजीला नंबर पाठ नव्हता, तो धावत वस्तीवर गेला आणि नंबर घेऊन आला, एक नाही, चार.

देवळातली रांगोळी आम्ही तशीच सोडली आणि तिथेच नाल्याच्या काठी मातीत काडीने नवा नकाशा काढला. वस्तीतल्या बाया कामावरून परतत होत्या त्याही थांबल्या. वस्तीतून शाळेत जायचंच नाही हे ठरलं, पण मग जायचं कुठे? वस्तीच्याच बाजूला माळावर एका द्राक्ष बागायतदाराचं पॅकिंग शेड आहे, जोतं उंच, पत्रा भक्कम, आणि द्राक्षाचा सीझन एप्रिलपर्यंत संपतो म्हणजे पावसाळ्यात शेड रिकामंच. शेडचे मालक नाना तिथेच होते. लगेच हो नाही म्हणाले. क्रेट आहेत, वजनकाटा आहे, कोण जबाबदार. मला त्यांचं चूक वाटलं नाही, त्यांची मालमत्ता आहे, विचारणारच. अर्धा तास बोलणं चाललं. शेवटी ठरलं की क्रेट आणि काटा आतल्या खोलीत कुलपात, बाहेरच्या हॉलची एक किल्ली पावसाळ्याचे चार महिने वस्तीत, आजीच्या सुनेकडे. किल्ली सुनेकडे द्यायची हे नानांच्याच बायकोने सांगितलं, "तिच्याकडं द्या, ती घरीच असते आणि विसरत नाही."

मग शेळ्या. जुन्या आराखड्यात जनावरांचा शब्दच नव्हता. एक बाई सरळ म्हणाली, शेळ्या घेत असाल तर येतो, नाहीतर नाही. अधिकारी लोक येऊन सांगतात आधी जीव वाचवा, पण त्या बाईचं वर्षाचं दुखणंखुपणं, पोरांच्या वह्या-पुस्तकं सगळं त्या चार शेळ्यांवर आहे, ती त्यांना दावणीला बांधून कशी निघेल? शेडच्या मागे पडवी आहे ती शेळ्यांना.

धरण भरायच्या आत पाणी का सोडतात हेही विचारलं गेलं, मी परिचलन सूची समजावली, कुठल्या तारखेपर्यंत किती साठा ठेवायचा आणि मोठा लोंढा आला तर जागा कशी राखायची ते. ऐकलं सगळ्यांनी, पण त्यांना हवं होतं ते वेगळं, आपल्या नाल्याला कधी लागेल ते. म्हणून पट्टे मारायचे ठरले, पिवळा आणि लाल. ऑइलपेंट आणायला एक जण निघाला सुद्धा. आजी म्हणाली म्हसोबाला रंग लावायचा नाही. बरोबर आहे. म्हणून शेजारी फरशीच्या भिंतीवर म्हसोबाच्या पायाच्या बरोबरीने पिवळा पट्टा मारला आणि फरशीच्या हातभर खाली लाल. पिवळ्याला लागलं की निघायचं, मेसेज येवो न येवो. घरी यायला मला रात्रीचे नऊ वाजले, हाताला पिवळा रंग तसाच.

ऑगस्टमध्ये एकदा रात्री पावणेदहाला सुनेचा फोन आला. नाशिकला मारुतीच्या कमरेच्या वर पाणी होतं त्या दिवशी. मागे शेळ्यांचा आवाज ऐकू येत होता. "ताई, पिवळ्याला लागलं तसे निघालो, सगळे शेडात आहोत. मोटारीवर गेलेली दोन पोरं तेवढी यायचीत." मी फोन बंद केला नाही, ती बोलत राहिली, चूल कुठे पेटवली, लाईट आहे, नानांनी पाण्याचा टँकर लावलाय. वीस-पंचवीस मिनिटांनी म्हणाली, आली पोरं.

त्या रात्री पाणी लाल पट्ट्याच्या खालीच थांबलं आणि पहाटे उतरलं.

होडी अजून तिथेच आहे. फरशीची उंची वाढवायचा ठराव ग्रामसभेत मांडला होता तो पुढे ढकलला गेला. पुढच्या ग्रामसभेत परत मांडायचाय, मी जाणार आहेच, पण यावेळी बोलणार आजी आहे, तिने मला तसं सांगून ठेवलंय.