नऊ हजार चारशे सतरा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आज गाडी घरी आली. स्वतःच्या चाकांवर नव्हे, छोट्या हत्तीत उभी राहून. चारी बाजूंनी दोर, टाकीवर गाडी विकणाऱ्या काकूंनी दिलेली जुनी गोधडी आणि मागे हौद्यात हँडल धरून मी. सांगलीतलं विश्रामबाग ते वानलेसवाडी अंतर ते किती, पण सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलंच, "पेशंट सिरीयस हाय काय ओ?"

राजदूत ३५०, १९८६ ची. आमच्या लहानपणी हिला सगळे आरडीच म्हणायचे. विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्यानं संध्याकाळी एक जण घेऊन जायचा. गाडी दिसायच्या आधी आवाज यायचा, आणि ती गेल्यावर बराच वेळ निळसर धूर रेंगाळायचा. आम्ही पोरं त्या धुरात मुद्दाम जाऊन उभी राहायचो. त्या काळच्या बुलेटची ताकद अठरा अश्वशक्तीची, आणि ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या जपानी आरडीवरून १९८३ साली इथे काढली आणि दशक संपता संपता बंदही केली. पहिल्या एचटी, म्हणजे हाय टॉर्क, गाड्या ३०.५ अश्वशक्तीच्या. पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी बोंब मारली, मग २७ ची एलटी, म्हणजे लो टॉर्क, आली. माझी एलटी आहे. एचटीवाले नाक मुरडतील. मुरडू देत.

किंमत लिहीत नाही. सासरची माणसं वाचतात.

मीटरवर ९,४१७ किलोमीटर आहेत. एकोणचाळीस वर्षांत एवढेच. वर्षाला अडीचशेसुद्धा नाहीत. मी तिच्यावर भाळलो तो या आकड्यावर, आणि घाबरलो तोही याच आकड्याला. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात अशीच एक "बारा हजार पळालेली" दाखवली होती. रंग चकचकीत, क्रोम नवं. पण किकचं रबर घासून गुळगुळीत झालेलं आणि मीटरच्या केबलच्या नटावर पान्याचे ओरखडे. मी तिथून उठलो खरा, पण तोवर टोकन देऊन बसलो होतो. ते परत मिळालं नाही. त्यामुळे आता मी गाडी खालून वर बघतो. आधी फूटरेस्टची रबरं, ब्रेकच्या पायटीची कड, चेन स्प्रॉकेटचे दात, किल्लीचं भोक. मीटर सगळ्यात शेवटी. केबल सोडली की मीटर झोपतं, पायाखालचं रबर झोपत नाही.

इथे फूटरेस्टच्या रबरावरच्या रेघा बोटाला लागत होत्या. मागच्या चाकाला टायर मूळचाच, दगडासारखा. चेसिसचा आणि इंजिनचा नंबर आरसीशी टॉर्च लावून दोनदा ताडून पाहिला. तिसऱ्यांदा पाहायला लागलो तेव्हा काकू म्हणाल्या, "चहा गार होतोय."

रात्री उशिरा

ती का चालली नाही हे लिहून ठेवायला हवं.

काका साखर कारखान्यात केमिस्ट होते. नदीकाठच्या गावभागात घर. गाडी घेतली हौसेनं, आणि पहिल्याच महिन्यात पेट्रोलचा हिशेब करून हबकले. मग कारखान्याला जायला लूना आणि आरडी फक्त दसऱ्याला, गुरुपौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला, कधी तासगावच्या रथाला. बाकी दिवस ओसरीवर कापडाखाली. काकू सांगतात, दर रविवारी दोन तास पुसायचे. "आमचं लग्न त्याच वर्षीचं. मला कधी एवढं पुसलं नाही."

पण खरी गोष्ट २००५ ची. पुराचं पाणी गावभागात शिरायला लागलं तेव्हा काकांनी आधी गाडी बाहेर काढली. चालू होईना, म्हणून गुडघाभर पाण्यातून एकट्यानं ढकलत वर नेली आणि कुणाच्या तरी टेम्पोतून विश्रामबागला मेहुणीच्या गॅरेजात पोचवली. परत येईपर्यंत घराकडे जायची वाट बंद. टीव्ही गेला, धान्य गेलं, काकूंचं शिलाई मशीन गेलं. वीस वर्षं होत आली, तरी मशीनचं नाव घेताना काकूंचा आवाज बदलतो. पाणी ओसरल्यावर गाडी परत आणायचा विषय काकांनी काढला नाही, काकूंनी काढू दिला नाही. त्यामुळे २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागातली तळमजल्यांवरची घरं बुडाली, तेव्हा गाडी विश्रामबागेत कोरडी उभी होती.

हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डे, आत हळद, वरून तोंड लिंपलेलं. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. त्यातली बरीचशी २००५ च्या पाण्यानंच निकामी केली. त्याच पाण्यानं ही गाडी मात्र पेवात घातली, असं आज हौद्यात उभं राहून येताना वाटत होतं.

काका २०२२ ला गेले. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण करून ठेवलं होतं. चालवायची नव्हती, तरी केलं. वारसाचा ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आधीच काकूंच्या नावावर झाली होती, म्हणून माझं काम सोपं झालं. सरकारी नियमात गाडी व्हिंटेज ठरायला पन्नास वर्षं भरावी लागतात. हिला अजून अकरा आहेत. मला तेव्हा किक मारता येईल का, देव जाणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

शंभर फुटी रोडवरचे मिस्त्री घरी आले. साठीचे, चष्म्याला दोरी. मी उत्साहात आकडा सांगितला. ते म्हणाले, "न चाललेली गाडी म्हंजे चांगली गाडी, असं कुणी सांगितलं तुमास्नी?"

किक मारू दिली नाही. दोन्ही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि अर्धा तास नुसतं बसून राहिले. मग मागचं चाक हातानं हळूहळू फिरवून बघितलं. पिस्टन हलले तेव्हा मी सोडलेला श्वास त्यांनी ऐकला असणार, कारण हसले.

त्यानंतर हेडलाइट खोलला. मला वाटलं वायरिंग बघतायत. त्यांनी वाटीच्या तळाला बोट फिरवलं आणि मला दाखवलं. नुसती धूळ. "पुरातल्या गाड्या आम्ही लै खोलल्यात. वरून किती बी धुवा, गाळाची साय हितं ऱ्हातेच." सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्यानं पहिल्यांदा हेच बघायचं असतं, आणि मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग वाईट बातम्या. टाकीत आतून गंज. दोन्ही मिकुनी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा हिरवट डिंक. आणि क्रँकची ऑइल सीलं उभ्या उभ्या वाळून कडक झालेली. टू-स्ट्रोकमध्ये ही सीलं म्हणजे जीवच. एका बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पिस्टन तापून जाम होतो. दुसऱ्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळतं आणि गल्लीभर पांढरा धूर. म्हणजे इंजिन उतरवणं आलं. नऊ हजार किलोमीटरचं, कुणी हात न लावलेलं इंजिन.

रबराचं सगळंच बदला म्हणाले, कारण आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं. मला एकदम काका आठवले. त्यांना मी कधी पाहिलं नाही, तरी. उसाच्या ज्या मळीत त्यांची सारी नोकरी सरली, तिचंच इथेनॉल आता त्यांच्या गाडीच्या मुळावर.

एका गोष्टीवरून मात्र वाजलं. इंजिन उतरवतोयच तर टाकीला नवा रंग मारू, सायलेन्सरला क्रोम करून आणू, "शोरूमवाणी" करू, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं. टाकीवर गुडघ्यापाशी रंग फिका झालाय, डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा आहे. ते सगळं राहू दे. रंग कितीही झकास मारला तरी मूळचा तो मूळचाच, आणि तो एकदाच असतो. मिस्त्रींना हे पटलं नाही. "लगीन म्हातारीशी करायचं आन् म्हातारीच ठेवायची," असं काहीसं पुटपुटले. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी वाळलेलं सीलसुद्धा, बुटाच्या खोक्यात चिठ्ठी लावून ठेवतोय. ही म्हणते, अस्थी आहेत का?

शनिवार, १ मार्च

इंजिन बसलं. ऑटोल्यूबच्या, म्हणजे इंजिनला आपोआप ऑइल पुरवणाऱ्या पंपाच्या, नळीत हवा राहिली असेल तर ऑइल पोचणार नाही, म्हणून पहिल्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून घातलं. सातव्या किकला सुरू झाली. मिस्त्री सहावीला थांबायला निघाले होते.

पाच मिनिटं नुसती उभी ठेवून चालू ठेवली. उभ्या गाडीचे किलोमीटर मोजले जात नाहीत, हे मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

रविवार, ९ मार्च

आठ दिवस झाले. रोज कापड काढतो, पुसतो, कापड घालतो. ओळखीतला एक जण म्हणाला, दहा हजाराच्या आत ठेव, आकडा पाच अंकी झाला की भाव पडतो. खरं असेल. मी मनात हिशेब केला, ५८३ किलोमीटर शिल्लक. वर्षाला पन्नास धरले तर अकरा वर्षं पुरतील, तोवर व्हिंटेजही होईल. हा हिशेब करताना एक जुनं लग्न आणि एक शिलाई मशीन माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी केला.

उरलेला एक कागद द्यायला विश्रामबागला काकूंकडे गेलो होतो. गॅरेजात गाडीच्या जागी डबल डोअर फ्रीज उभा होता. मला वाटलं होतं काकू गहिवरतील वगैरे. त्यांनी फ्रीज उघडून दाखवला, बर्फ किती लवकर होतो ते सांगितलं. निघताना म्हणाल्या, "तुम्ही पण पुसतच बसलाय ना?"

काय बोलणार?

संध्याकाळी काढली. हरिपूरपर्यंत. संगमावर दहा मिनिटं थांबलो, कृष्णा तळाला गेलेली, वारणेलाही पाणी बेताचंच. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे, तो गाडीला थांबवत नाही, विनंती करतो. येताना बायपासला एकदाच, तिसऱ्या गिअरला, साडेचार हजार आरपीएमच्या पुढे पिळली. कसं वाटलं ते लिहायला बसलो आणि खोडलं.

मीटर ९,४३८.

घरी आलो तर जिन्यात निळा धूर भरलेला आणि वरून हिचा आवाज, "अहो, दांडीवर साड्या आहेत!"