गोदावरीत ट्यूबवर तरंगायचं असेल तर

कोकणात कोलाडला राफ्टिंग करून आलेली आमच्या नांदेडकडची पोरं आता म्हणायलेत की इथं गोदावरीत पण ट्यूब टाकू, आणि मला ते लई आवडलं, कारण ट्यूब काय आपल्याला नवीन नाही, विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर ट्रॅक्टरची ट्यूब हेच तर होतं सगळ्यांचं.

पण कोलाडची कुंडलिका वेगळी. तिथं भिऱ्याला वीज तयार करून झालेलं पाणी सकाळी नदीत सोडतात, म्हणून उन्हाळ्यात पण राफ्टिंग चालतं आणि पाणी कधी येणार ते गाईडला माहीत असतं. आपल्या नद्या पावसावरच्या, चार महिने गढूळ आणि ओढीच्या, नंतर बंधाऱ्यांना गेट टाकले की पाणी जागच्या जागी उभं. तरंगायची खरी मजा या उभ्या पाण्यातच आहे, दिवाळीच्या आसपास, पाणी निवळल्यावर.

आणि कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या जवळपास पण ट्यूब नेऊ नका, वरच्या बाजूने पण नाही आणि खालच्या बाजूने पण नाही. वरून बघितलं तर एक सपाट चादर पडल्यासारखी दिसते, पण खाली पाणी उलटं फिरून परत भिंतीकडंच ओढतं, चांगला पोहणारा माणूस पण त्यातून सुटत नाही. सहस्रकुंडच्या धबधब्याचं पण तेच सांगतो, पैनगंगा त्या काळ्या खडकावरून कोसळताना जरूर बघा, तासभर बसा, पण खालच्या डोहात उतरायचं नाही म्हणजे नाही.

ट्यूबची हवा फुल मारू नका, उन्हात काळं रबर तापतं आणि आतली हवा फुगते. व्हॉल्व्हची पितळी नळी पोटाला खरचटते, तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. बसायच्या आधी पाणी शिंपडा, नाहीतर मांड्या भाजतात. ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नाही हो, ती हातातून निसटली की गेली, जॅकेट अंगावर पाहिजेच, पोहता येत असलं तरी. धारेत सापडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, दगडात पाय अडकला की पाणी माणसाला पालथं पाडतं. पाठीवर झोपायचं, पाय पुढं वाहत्या दिशेला आणि हळूहळू काठाकडं सरकायचं.

मला मनापासून वाटतं की गावोगावी एखादा शांत पट्टा ठरवून हे नीट चालू व्हावं आणि ते काम नदीवर मासे धरणाऱ्या, होडी चालवणाऱ्या भोई लोकांना द्यावं, पैसे देऊन, सन्मानानं. डोह कुठं, गाळ कुठं, कोणत्या खडकापाशी पाणी फिरतं हे त्यांना पाठ असतं. आज कोणी बुडालं की मगच त्यांना फोन जातो. पोरांनो, तुम्ही ट्यूब घेऊन निघायच्या आधीच त्यांच्या घरी जा, कुठं उतरायचं ते विचारा, जमलं तर एकाला होडी घेऊन सोबत यायला सांगा आणि त्याची दिवसाची मजुरी ट्रिपच्या खर्चात धरा.