पाय ४ वर होम असिस्टंट, सहावा आठवडा: घड्याळ मागे पडलं आणि कुरडया भिजल्या

या आठवड्यात नवीन दिवे-बिवे काही लावले नाहीत. सगळा वेळ गेला तो लाइट गेल्यावर आपलं घर कसं वागतं हे बघण्यात, आणि खरं सांगायचं तर वेड्यासारखं वागतं.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी पटकन: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक), ४ जीबीवाला, त्यावर होम असिस्टंट ओएस, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, बिनतारी सेन्सर्ससाठी एक झिगबी डोंगल, गच्चीवर टाकीपाशी एक ईएसपी३२ (वायफायवालं छोटं कंट्रोलर बोर्ड) आणि खाली मोटरच्या पेटीत दुसरा, दोन्हींवर ईएसपीहोम, म्हणजे त्यांना होम असिस्टंटशी जोडणारं सॉफ्टवेअर. घर सांगलीत. आमच्या गल्लीत नळाचं पाणी पहाटे हौदात येतं आणि तिथून मोटरने गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवायचं. हे काम आई गेली कित्येक वर्षं पहाटे उठून करत होती, ते मी हौसेने हबकडे, म्हणजे या पायकडे, दिलं, साडेपाचला मोटर चालू, टाकी भरली की बंद. इतकं सोपं वाटलं होतं की सेट करून चक्क विसरून गेलो.

तर मंगळवारी रात्री दोनच्या सुमाराला लाइट गेली, आली पाच वाजायच्या थोडं आधी. पाय आपोआप सुरू झाला, सगळे दिवे-सेन्सर दिसायला लागले, बाहेरून बघितलं तर सगळं छान. पण साडेपाचला मोटर काही चालू झाली नाही. सात वाजता बाबा साबण लावून बसलेले आणि नळाला फक्त फुस्स. मग आरडाओरडा, आई खाली जाऊन हाताने मोटर चालू करून आली आणि येताना मला उठवून म्हणाली, "तुझा तो पाय झोपलाय बघ अजून." आमच्या घरी पाय म्हटलं की हाच विनोद, दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच की पाय बरा आहे का.

लॉग उघडला तर गंमत कळली. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नसतं, तो सुरू झाला की इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि आमचं फायबर इंटरनेट लाइट आल्यावरही साडेआठपर्यंत बंदच होतं. मग त्याने शेवटची साठवलेली वेळ धरली, म्हणजे लाइट गेली तेव्हाची, आणि तिथून पुढे मोजायला लागला. खऱ्या पाचला त्याच्या हिशेबाने सव्वादोन-अडीच वाजले होते. त्याचे साडेपाच वाजले ते खरे सव्वाआठला, आणि तेव्हा त्याने इमानदारीत मोटर चालू केलीसुद्धा, आईने बंद करून झाल्यावर! लॉगमध्ये पावणेसहाच्या नोंदीनंतर थेट साडेआठची नोंद, मधले पावणेतीन तास गायब. मी आधी अर्धा तास ऑटोमेशनच तपासत बसलो होतो, ट्रिगर बरोबर, कंडिशन बरोबर, आणि घड्याळाकडे लक्षच नाही.

उपाय दोन केले. एक म्हणजे डीएस३२३१ चं आरटीसी मॉड्यूल, म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ, ते छोटंसं येतं जे पायच्या पिनांवर सरळ बसतं, १, ३, ५, ७, ९ या आतल्या बाजूच्या ओळीत. बसवताना एक पिन पुढे-मागे होऊ देऊ नका, बाहेरच्या ओळीत ५ व्होल्ट आहे. मग पायची ड्राइव्ह (एसएसडी) लॅपटॉपला लावून बूट पार्टिशनमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये आय-टू-सी (मॉड्यूलशी बोलायची वाट) चालू करायची ओळ आणि आरटीसी ओळखायला लावणारी ओव्हरलेची ओळ टाकली. टेस्ट म्हणून लॅन केबल काढली, पाय नीट बंद करून अर्धा तास ठेवला, परत लावला, वेळ बरोबर. पाय ५ वाल्यांना हे मॉड्यूल लागत नाही, त्यात आरटीसी बोर्डवरच आहे, फक्त बॅटरी वेगळी लावायची.

दुसरा उपाय म्हणजे राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. त्याला यूएसबी आउटपुट पण होतं म्हणून पाय त्यावरच लावला आणि लगेच कमी व्होल्टेजची वॉर्निंग. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात आणि त्या यूएसबीतून २ पण धड येत नव्हते, त्यात एसएसडीचा भार. शेवटी १२ व्होल्टच्या आउटपुटवर व्होल्टेज उतरवणारा एक बक कन्व्हर्टर टाकला, ५.१ व्होल्टला सेट केला, मल्टिमीटरने बघूनच मग पायला जोडला. आता वॉर्निंग नाही.

एसएसडीचं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यातच एसडी कार्ड गेलं होतं. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरची प्रत्येक हालचाल डेटाबेसमध्ये लिहीत बसतो, त्यात मध्येच लाइट गेली की कार्ड किती दिवस टिकणार. बॅकअप होता म्हणून वाचलो, पहिल्याच स्क्रीनवर बॅकअप टाकायचा पर्याय येतो, वीस-पंचवीस मिनिटांत घर परत. आता बॅकअप एन्क्रिप्ट होतात, त्यामुळे ती किल्ली कागदावर लिहून ठेवा, मी कालनिर्णयच्या मागे चिकटवलीय.

पण एसएसडी निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावल्यापासून झिगबीची दारं-खिडक्यांची सेन्सर्स नेटवर्कमधून गळायला लागली. तीन दिवस मी बॅटऱ्या बदलत होतो! यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट (नॉइज) झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो हे जुनं दुखणं आहे, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता, आणि माझा डोंगल एसएसडीच्या केबलला अगदी खेटून. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टला मीटरभर एक्स्टेंशन लावून भिंतीवर टांगला आणि त्याच संध्याकाळी सगळी सेन्सर्स परत आली. ही वायर पहिल्या दिवशीच घ्या.

आता मुख्य कांड. मोटर एक एचपीची. मी हौशीने ईएसपीसोबत मिळतो तो १० अँपिअर लिहिलेला निळा रिले, म्हणजे ईएसपीच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, लावला होता. चालू मोटर सहाच्या आसपास अँपिअर घेते, मग १० चा बास झाला की, असा माझा हिशेब. पण मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि चौथ्या दिवशी रिलेचा काँटॅक्ट चिकटला. फोनवर मोटर बंद दाखवतंय, ईएसपीपण बंद म्हणतोय, आणि मोटर चालूच. टाकी भरून ओव्हरफ्लोचं पाणी गच्चीवरून थेट शेजारच्या काकूंच्या अंगणात, जिथे त्यांनी दोन साड्या अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. एप्रिलचं ऊन, अर्ध्या वाळलेल्या कुरडया, त्यावर हजार लिटरच्या टाकीची धार. मी पायऱ्यांवरून पळत जाऊन मेन पाडला तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या, ते जास्त वाईट होतं.

मग वायरमनला बोलावून नीट काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा भार झेलणारा मोठा स्विच, बसवला. ईएसपीचा छोटा रिले आता फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवतो, कॉइलवर ठिणग्या दाबणारा आरसी स्नबर टाकलाय, आणि आईसाठी एक साधा मॅन्युअल स्विच जो या सगळ्याला बाजूला ठेवून मोटर चालू-बंद करतो. २३० व्होल्टचं काम मी हातात घेतलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

आणि लॉजिक सगळं हबमधून काढलं. आता मोटरच्या पेटीतला ईएसपीच ठरवतो: हौदात पाणी आहे आणि वरची टाकी तीस टक्क्यांखाली आहे तर चालू, नव्वदला बंद, आणि काहीही झालं तरी पंचवीस मिनिटांत बंद. वरच्या टाकीचा आकडा येईना झाला तर मोटर चालूच करत नाही. घड्याळाचा संबंधच संपवला. हब फक्त बघतो, आलेख काढतो आणि फोनवर कळवतो. मुद्दाम पाय बंद करून दोन सकाळी काढल्या, टाकी भरली, घरात कुणाला कळलंही नाही. सहा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त आनंद याच गोष्टीचा झाला.

अडलंय ते टाकीतल्या सेन्सरवर. जेएसएन-एसआर०४टी आहे, अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, वॉटरप्रूफवाला. त्याच्या तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला मोजता येत नाही, म्हणून झाकणावर पीव्हीसीचा तुकडा लावून उंच केला. एको पिनचे ५ व्होल्ट ईएसपी३२ ला चालत नाहीत, तिथे व्होल्टेज उतरवायला एक आणि दोन किलोओहमचा डिव्हायडर आहे. आधी तो इनलेटच्या पाइपलाच पाणी समजत होता, जागा सरकवली. पण पहाटे त्याच्या तोंडावर आतून वाफेचे थेंब जमतात आणि टाकी अचानक एकशे चाळीस टक्के भरते. मीडियन फिल्टर (शेवटच्या काही आकड्यांतला मधला घेणारा) लावल्यावर बरंच सुधारलं, तरी आठवड्यातून दोनदा उडी मारतोच.

कुणी तळाशी सोडायचा प्रेशर सेन्सर वापरलाय का, तो ४ ते २० मिलिअँपच्या करंटने पातळी सांगणारा? पिण्याच्या पाण्यात ठेवायला बरा का, आणि वर्षभरात आकडा सरकतो का, तेवढं सांगा. दोन घ्यावे लागतील, कारण काकूंनी कुरडयांच्या बदल्यात त्यांच्या टाकीचं काम माझ्या गळ्यात घातलंय.