वेस्ट मिलफर्डच्या रानातलं ‘जंगल हॅबिटॅट’

आई साताऱ्याहून आली की तिला मॉल नको असतो, झाडं हवी असतात. म्हणून मागच्या ऑक्टोबरात एडिसनहून गाडी काढली ती थेट उत्तर न्यू जर्सीत, वेस्ट मिलफर्डला. इथे वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीने 1972 च्या उन्हाळ्यात ‘जंगल हॅबिटॅट’ नावाचं सफारी पार्क उघडलं होतं. दीड हजारावर प्राणी! सिंह, हत्ती, जिराफ मोकळे, आणि माणसं आपापल्या गाडीत बंद. बबून माकडं टपावर चढून बसायची. काचा खाली करू नका, अशी सक्त ताकीद असे. तरी पहिल्याच वर्षी काच उघडी ठेवलेल्या एका पर्यटकावर सिंहांनी हल्ला केला.

लोक मात्र येतच राहिले, इतके की गावचे अरुंद रस्ते तुंबले. कंपनीला तिथे मोठाले पाळणेही आणायचे होते. 1976 मध्ये गावाने मतदान करून वाढीव बांधकाम नाकारलं आणि त्याच वर्षी पार्क बंद पडलं. जेमतेम पाच मोसम! गावकऱ्यांचं मला चुकलं असं वाटत नाही. दारासमोर रोज गाड्यांची रांग कोण सोसणार? पण पुढचं वाचून मात्र पोटात कालवलं. काही मेलेले प्राणी न पुरता तसेच उघड्यावर टाकलेले सापडले होते. कुठल्या कुठून आणलेले ते जीव, आणि त्यांच्या वाट्याला मूठभर मातीही नाही.

1988 मध्ये राज्य सरकारने ही जागा विकत घेतली. आता इथे लोक पायी आणि सायकलवर फिरायला येतात. आम्हीही त्या जुन्याच डांबरी वाटेने चाललो. फटीफटीतून गवत आलेलं, वर मेपलची लाल पानं. एका वळणावर कुंपणाची गंजलेली जाळी होती. शेजारच्या झाडाने ती चक्क पोटात घेतली होती. एका बाजूने तार खोडात शिरलेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आलेली, आणि मध्ये सालीचा जाड ओठ.

आईने त्या सालीवरून हात फिरवला. “अगं, इथे बर्फ पडतो ना? मग हत्ती कुठे उभे राहत असतील?”

मला सांगता येईना. तिने शालीचं टोक गळ्याभोवती घट्ट ओढलं आणि कुंपणाच्या कडेकडेने, पलीकडे बघत, हळूहळू पुढे निघाली.