रक्त दिलं, आता नाष्टा कुठं?

सकाळी सात वाजता माझ्यासमोर बाही वर करून बसलेल्या माणसाच्या पोटात आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय काही नसतं. निदान नसावं अशी अपेक्षा असते. (“फक्त अर्धा कप च्या घेतला, साखर कमी टाकून,” असं रक्त काढून झाल्यावर सांगणारे रोज दोन तरी निघतात.) जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खाली शिरोळ, पलीकडून अथणी. पहाटेची एसटी धरून आलेली माणसं. मी सांगलीत एका लॅबमध्ये रक्त काढते, १९ वर्षं झाली. साखर तपासायला राखाडी टोपणाच्या नळीत उपाशीपोटीचं रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितला, की माझं पुढचं वाक्य ठरलेलं: “आता नाष्टा करा. पहिला घास घेतल्याची वेळ बघून ठेवा आणि तिथून बरोबर दोन तासांनी परत या.”

आणि त्यांचंही ठरलेलं: “मॅडम, इथं नाष्टा कुठं चांगला मिळंल?”

पहिली काही वर्षं मी “कुठंही मिळेल की, स्टँडकडं जावा” म्हणून मोकळी व्हायचे. मग लक्षात आलं, की माणसं दोन तासांनी परत येतात ती चहा-बिस्किटावर येतात, नाहीतर घशाशी आलेलं तोंड करून. तेव्हापासून मी या प्रश्नाचा अभ्यास करते आहे. सहाला घरातून निघायचं, वाटेत कुठंतरी खायचं, पावणेसातला लॅब उघडायची. घरचे म्हणतात, हिला घरी चहासुद्धा नको झालाय.

सांगलीत नाष्टा म्हटलं की लोक मिसळीवर येतात. पुण्यामुंबईचा पाहुणा आला की त्याला मिसळच खायला नेतात, आणि तो नाक पुसत “आमच्याकडं असं सॅम्पल मिळत नाही” म्हणतो. (रश्श्याला सॅम्पल म्हणणाऱ्यांनी माझ्या टेबलाशेजारी बसून तो शब्द उच्चारू नये, एवढीच विनंती.) मिसळीशी माझं भांडण नाही. रविवारी साडेनऊला, भरपूर झोप झाल्यावर, समोर ताक असताना मी कटाची दुसरी वाटी मागून घेते. पण बारा तासांच्या रिकाम्या पोटावर, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या साठीच्या माणसाला तो लाल तवंग कशाला? शिवाय चांगली मिसळ सातला तयारच नसते. कट उकळून मुरायला वेळ लागतो. सातला मिळते ती एकतर घाईची असते किंवा कालची.

सगळा घोळ या वेळेचाच आहे. कुठं खायचं याच्या आधी किती वाजता खायचं हे विचारावं लागतं. वडेवाल्याचा पहिला घाणा कधी निघतो, डोसेवाल्याचा तवा कधी तापतो, हे माहीत असलं की साधं दुकानही चांगलं लागतं. डोश्याचे पहिले चार-पाच तर तव्याला चिकटूनच निघतात. अर्धा कांदा काट्याला टोचून तेल फिरवत बसलेला माणूस दिसला तर दहा मिनिटं उभं राहावं. कटवडा आठच्या पुढंच. पोह्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. स्टँडवरचे पोहे भल्या मोठ्या परातीत डोंगर करून ठेवलेले असतात, आणि डोंगराच्या पोटातलेच तेवढे गरम असतात.

उप्पीट मात्र सातला मिळतं, आणि सातलाच चांगलं असतं.

हा शब्द आम्ही कानडीतून उचललाय, उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. उपमा म्हणणारे लोकही सांगलीत राहतात, विश्रामबागेकडं. आमच्या लॅबपासून चालत पाच मिनिटांवर, बोळाच्या तोंडाला एक गाडा लागतो. नाव नाही, पाटी नाही. नवरा-बायको दोघंच. मी त्यांना काका-काकू म्हणते, त्या मला “लॅबवाल्या ताई”. काकूंचं उप्पीट करणं बघत उभं राहिलं की रक्त काढायला उशीर होतो, हे मला माहीत आहे आणि तरी मी राहते. रवा जाडाच, आणि तो घरून भाजून आणलेला, स्टीलच्या डब्यात. पातेल्यात तेल सढळ. मोहरी तडतडली की उडदाची डाळ, ती लालसर व्हायची वाट बघायची. इथंच बाकीचे घाई करतात आणि डाळ दाताखाली कच्ची कचकचते. मग मिरची, कढीपत्ता, कांदा, किसलेलं आलं. शेजारच्या शेगडीवर पाणी आधीच उकळत असतं, रव्याच्या अडीचपट, मोजायला एक कान तुटलेला मग. पाणी ओतलं की फस्सकन वाफ येते, काकू मान मागं घेतात, आणि डाव्या हातानं रवा सोडत उजव्या हातानं उलथणं फिरवायला लागतात. रवा असा सोडतात जसं कुणी रांगोळीची रेघ ओढतंय. एक गुठळी नाही. मग झाकण, झाकणावर दगड, आणि गॅस बारीक.

झाकण काढल्यापासून साधारण वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांतलं उप्पीट म्हणजे उप्पीट. त्यानंतर तो रवा नुसता बसतो. वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, मग काही ठिकाणी त्यावर गरम पाणी शिंपडून, ढवळून, वरून कोथिंबीर घालून पुन्हा “गरम” म्हणून देतात. ओळखायची खूण सांगते: चमचा खुपसून बाजूला केला आणि खड्डा तसाच राहिला, तर ते शिंपडलेलं आहे. ताजं असेल तर कडा हळूहळू ढासळतात.

उप्पिटाबद्दल आमच्या घरात दोन तट आहेत, आणि त्याला कारण कृष्णा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात. आठ दिवस एका शाळेत होतो, आणि तिथं कुठून कुठून आलेल्या भल्या माणसांनी सकाळ-संध्याकाळ आम्हाला उप्पीट घातलं. त्यांचे उपकार आहेतच. पण आमचे हे तेव्हापासून उप्पिटाला हात लावत नाहीत, नुसत्या वासानं त्यांना ओल्या गाद्या आठवतात. मला उलट आठवतं, की त्या आठ दिवसांत गरम अशी तेवढी एकच गोष्ट हातात होती.

बसून खायचं म्हटलं की बाईमाणसाची आणखी एक अडचण. एका बऱ्या दिसणाऱ्या हॉटेलात (नाव लिहीत नाही, मालक भला असेल, मला भेटला नाही) सकाळी साडेसहाला मी एकटी शिरले. खाली बारा-पंधरा पुरुष पेपर वाचत बसलेले. पोरगा म्हणाला, “मॅडम, फॅमिली रूम वर आहे.” वर गेले. अंधार, टेबलांवर उलट्या टाकलेल्या खुर्च्या, ओल्या फरशीवर फिनेलचा वास. पोऱ्यानं एक खुर्ची सुलटी केली, पंखा लावला आणि गेला तो गेलाच. वीस मिनिटांनी उप्पीट आलं. चमचा खुपसला. खड्डा तसाच. तेव्हापासून मी गाड्यावर उभी राहून खाते, आणि लॅबमध्ये एकट्या आलेल्या बायकांना गाड्याकडंच पाठवते. काकूंनी त्यांच्यासाठी दोन प्लास्टिकची स्टुलं ठेवलीत.

घरून डबा आणणाऱ्यांचंही बघत असते. आमच्याकडं अथणीकडची एक मुलगी शिकायला होती, ती सुसला आणायची. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यायचे, कांदा-मिरचीची हळद घातलेली फोडणी, वर फुटाण्याच्या डाळीची पूड. भडंगाच्या या गावात सकाळी गाड्यावर सुसला कुणी का विकत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. असो.

आता मामांचं सांगते, कारण लिहायला बसले ते त्यांच्यामुळंच.

मागच्या माघात जतकडचे एक मामा आले. धोतर, काठी, खिशात डॉक्टरची चिठ्ठी. रक्त दिलं, कापूस धरला आणि म्हणाले, “बाई, भाकरी कुठं मिळंल?”

मी म्हटलं, “मामा, इथं पुढं बोळात उप्पीट चांगलं मिळतं.”

“त्ये नगं. डाक्टर म्हणला, रोज खातुया त्येच खायाचं. मी रोज भाकरी खातुया.”

त्यांचं अगदी बरोबर होतं. ही तपासणी असते ती रोजच्या जेवणावर साखर कुठवर चढते हे बघायलाच. आम्ही सगळ्यांना तेच सांगतो आणि मग उप्पीट-वड्याकडं बोट दाखवतो. सकाळी साडेसातला सांगलीत शाळूची भाकरी कुठं मिळते, हे १९ वर्षांच्या अभ्यासात मला माहीत नव्हतं. मामा म्हणाले, पूर्वी रुपयाला झुणका-भाकर मिळायची, ती टपरी कुठं गेली? ती १९९५ च्या सरकारची योजना. त्या टपऱ्यांवर आता वडापाव आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० मध्ये सुरू झाली, पण ती दुपारची. मामा उठले, बाहेर जाऊन कपभर चहा आणि बिस्किटाचा पुडा खाऊन दोन तासांनी आले. मी रक्त घेतलं. रिपोर्टवर आकडा आला, पण त्या आकड्याला काय अर्थ? मामा काही रोज बिस्किटं खात नाहीत.

मला ते लागून राहिलं. दोन-तीन आठवडे ज्याला त्याला विचारत होते. शेवटी लॅबच्या दारातला रिक्षावाला म्हणाला, “ताई, हमाल काय खात असतील सकाळी? यार्डात बघा की.”

पुढच्या रविवारी स्कूटी घेऊन मार्केट यार्डात गेले. हळदीचा हंगाम सुरू झालेला. ट्रकमधून पोती उतरत होती, आणि उतरवणारे कपाळापासून पायापर्यंत पिवळे. हवेतसुद्धा हळद, खोकलाच आला. मागच्या अंगाला कडुलिंबाखाली एक आजी, समोर काटवट, दोन शेगड्या. त्यांच्यापुढं सात-आठ पिवळी माणसं उकिडवी बसलेली. आजी पिठाचा गोळा तळहातानं रगडत होत्या, पार मऊ होईस्तोवर, मग थाप-थाप-थाप, काटवटीत भाकरी आपली आपण फिरत मोठी होत होती. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी वाळायच्या आत उलथली. मग थेट जाळावर. टम्म फुगली. आजींनी बोटानं पापुद्रा उचकटला, आत दाण्याची चटणी आणि कच्चं तेल घातलं आणि कागदावर ठेवून दिली. जोडीला पिठलं किंवा मेथी, जे असेल ते, आणि मिरचीचा खरडा. दोन भाकरी आणि पिठलं ५० रुपये. पहाटे साडेपाचला चूल पेटते, नऊला काटवट धुऊन उलटी.

मी तिथं दगडावर बसून खाल्लं. कुणी वळून बघितलं नाही. एका हमालानं सरकून जागा दिली आणि पाण्याची कळशी माझ्याकडं ढकलली, तिच्यावर पाच पिवळी बोटं उमटली होती.

मामा परवा पुन्हा आले. मी रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं, त्यानं त्यांना यार्डात नेलं, थांबला आणि परत आणलं. पहिल्या घासाची वेळ त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतली होती, आठ वाजून पाच. दहा वाजून पाचला मामा माझ्यासमोर बाही वर करून बसले.

“मिळाली का भाकरी?”

“मिळाली. खरडा काय तिखट न्हवता.”

आकडा सांगत नाही, तो त्यांचा.

कुणाला जायचं असेल तर मागच्या गेटनं जा, लिंबाचं झाड लांबूनच दिसतं. साडेआठच्या आत पोहोचा. सुट्टे पैसे न्या, आजींकडं स्कॅन करायचं काही नाही. आणि अमावस्येला यार्ड बंद असतो, त्या दिवशी त्याही बसत नाहीत. त्या दिवशी काकूंकडं, झाकण काढायच्या वेळेला.