किती शब्द झाले, असे तुम्ही विचारलेत म्हणून

मी फावल्या वेळात भाषा रचतो हे कळल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मग आतापर्यंत किती शब्द झाले?' प्रश्न आस्थेने विचारलेला असतो आणि त्याला आकड्यात उत्तर देताही येते. परंतु तो आकडा ऐकून या छंदात नेमके काय चालते याची काहीच कल्पना येत नाही. म्हणून येथे थोडे सविस्तर उत्तर देतो. शब्द हा रचलेल्या भाषेचा सर्वांत सोपा भाग आहे आणि तो सर्वांत शेवटी हाती घेतलेला बरा. त्याआधी रचावा लागतो तो त्या भाषेचा भूतकाळ.

नुसत्या शब्दांनी भाषा होत नाही, हे आपल्याकडच्या एका उदाहरणावरून चांगले कळते. महाराष्ट्रातील दलाल आणि व्यापारी गिऱ्हाइकाच्या समोरच भाव ठरवता यावा म्हणून नंदभाषा वापरत असत. तीत एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू अशी आकड्यांची निराळी नावे होती. ऐकणाऱ्याला काही उमगत नसे. तरीही हे शब्द ज्या वाक्यात बसत ते वाक्य मराठीच असे, त्याचे प्रत्यय मराठी आणि क्रियापदही मराठी. लहान मुलांच्या 'च'च्या भाषेचेही तेच आहे. बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या मठप्रमुख साध्वीने स्वतः घडवलेल्या सुमारे हजार नामांची यादी लिहिली. ती ईश्वरापासून सुरू होते आणि कीटकांपाशी संपते. त्यांतले काही शब्द तिने एका स्तोत्रात गुंफले आहेत, पण त्या स्तोत्राचा सांगाडा पूर्णपणे लॅटिन आहे. याउलट सोन्या लँग यांनी २००१ साली लोकांपुढे ठेवलेल्या टोकी पोना या भाषेत जेमतेम १२० शब्द होते आणि तरीही ती खरोखर स्वतंत्र भाषा आहे, कारण वाक्य बांधण्याची तिची रीत तिची स्वतःची आहे: विधान कोठे सुरू होते हे 'ली' हा शब्द सांगतो आणि कर्म कोठे सुरू होते हे 'ए' सांगतो. म्हणजे हजार शब्दांची एक नुसती यादी आणि सव्वाशेहून कमी शब्दांची एक भाषा. आकडा फारसे काही सांगत नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

माझी सुरुवात ध्वनींपासून होते आणि या कामात मराठी माणसाला एक मोठी सोय जन्मतःच मिळालेली आहे. 'क'पासून 'म'पर्यंतची पंचवीस व्यंजने आपण लहानपणी पाठ करतो, तेव्हा उच्चारस्थानांचा एक तक्ताच पाठ करत असतो. कंठापासून ओठांपर्यंत एकेक वर्ग पुढे सरकतो, आणि प्रत्येक वर्गात अघोष (जसे 'क'), महाप्राण ('ख'), घोष ('ग'), घोष-महाप्राण ('घ'), अनुनासिक ('ङ') हा क्रम कधी मोडत नाही. कोणत्याही भाषेचे उच्चार लिहिण्यासाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ताही स्थान आणि प्रयत्न (म्हणजे उच्चाराची रीत) याच दोन अक्षांवर उभा आहे. नवी भाषा रचताना या तक्त्यातून काय घ्यायचे यापेक्षा काय गाळायचे हे महत्त्वाचे ठरते. सध्या ज्या भाषेवर मी काम करतो तिला मी हिलुर म्हणतो. तिच्या सर्वांत जुन्या अवस्थेत प, त, क, म, न, स, र, ल, ह एवढीच व्यंजने आहेत आणि आ, इ, उ हे तीनच स्वर. ग, द, ब यांसारखे घोष स्पर्श नाहीत, महाप्राण नाहीत, ट-वर्गातले मूर्धन्य नाहीत.

ध्वनी निवडून झाले की कोणता ध्वनी कोठे येऊ शकतो हे ठरवायचे असते, आणि भाषेचा नाद मुख्यतः येथे घडतो. मराठीत 'ण' आणि 'ळ' भरपूर आहेत, पण त्यांनी शब्दाची सुरुवात होत नाही. फिनिश भाषेच्या मूळच्या शब्दांत आरंभी जोडाक्षर येत नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांना फिनिशच्या नादाची विलक्षण ओढ होती आणि त्यांच्या क्वेन्या या भाषेत तो संयम स्पष्ट ऐकू येतो: शब्दाच्या शेवटी स्वर तरी हवा, नाहीतर न, र, ल, स, त यांसारखे एखादे मोजके व्यंजन. अपरिचित शब्द कानावर पडताच तो कोणत्या भाषेचा असावा याचा अंदाज आपल्याला बांधता येतो, तो अशाच निर्बंधांमुळे.

आता भूतकाळाकडे येतो. हाच माझ्या छंदाचा गाभा आहे. मी आधी जुनी भाषा रचतो आणि मग ध्वनिपरिवर्तनाचे नियम लावून तिला वय देतो. एक छोटेसे उदाहरण पाहा. जुन्या हिलुरमध्ये दगडाला 'लापा' म्हणतात आणि त्याचे अनेकवचन 'लापि' असे होते. त्यावर तीन नियम चालवू. पहिला, पुढच्या अक्षरात 'इ' असेल तर आधीच्या 'आ'चा 'ए' होतो. दुसरा, दोन स्वरांमध्ये सापडलेले अघोष व्यंजन घोष होते. तिसरा, शब्दाच्या अंती असलेला स्वर गळतो. या क्रमाने गेल्यास 'लापा'चे आधी 'लाबा' आणि मग 'लाब्' होते. 'लापि'चे 'लेपि', 'लेबि' आणि शेवटी 'लेब्'. अनेकवचनाचा प्रत्यय नाहीसा झाला, परंतु जाताना तो शब्दाच्या आतला स्वर बदलून गेला. आजच्या हिलुर बोलणाऱ्याला 'लाब्'चे अनेकवचन 'लेब्' का होते हे सांगता येणार नाही. त्याच्या दृष्टीने ते तसेच असते. इंग्रजीत पायाला एकवचनी 'फुट' आणि अनेकवचनी 'फीट' म्हणतात, तो भेदही अशाच एका लोप पावलेल्या 'इ'सारख्या ध्वनीचा अवशेष आहे.

आता हेच नियम उलट क्रमाने लावा. अंत्य स्वर आधी गळाला, तर 'इ' उरतच नाही, म्हणून 'आ' बदलत नाही. 'प'च्या पुढेही स्वर नाही, म्हणून तो घोष होत नाही. दोन्ही रूपे 'लाप्' होतात आणि एकवचन-अनेकवचनाचा भेद मिटतो. नियम तेच आणि शब्दही तेच, पण घटनांचा क्रम बदलताच निराळी भाषा हाती येते. ती भाषा मग 'पुष्कळ' अशा अर्थाचा एखादा शब्द जवळ करील, तो झिजवील आणि कालांतराने त्याचाच नवा प्रत्यय करील. या एका वळणाचा विचार करण्यात माझी कितीतरी संध्याकाळे आनंदात गेली आहेत.

हे कागदावरचे खेळ आहेत असे कोणाला वाटल्यास मराठीकडे पाहावे. ज्ञानेश्वरीत 'गणेशु', 'प्रकाशु' अशी उकारान्त एकवचने आढळतात. तो अंत्य 'उ' पुढे गळाला आणि आज 'एक देव' व 'अनेक देव' यांत 'देव' हे रूप सारखेच राहते. 'घर' आणि 'घरे' हा भेद मात्र टिकला, कारण प्राकृतातील 'घराइं' या रूपाचा शेवट अधिक भारदस्त होता आणि तो इतक्या सहजासहजी झिजला नाही. 'कापूस' म्हणताना असलेला 'ऊ' 'कापसाला' म्हणताना दुबळा होऊन 'अ' होतो, 'माणूस'चे 'माणसाला' होते. शाळेत हे अपवाद म्हणून किंवा सामान्यरूपाचे नियम म्हणून शिकवले जाते. भाषा रचणाऱ्याला त्यात शब्दाचा प्रवास दिसतो. ज्या रचलेल्या भाषेत असे एकही खडबडीत ठिकाण नाही ती मला अद्याप कोणी न वापरलेली वाटते.

टॉल्किन यांनी हे काम आयुष्यभर केले. ते ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि १९३१ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी आपला हा छंद मोकळेपणाने उलगडून दाखवला. एका मूळ भाषेपासून त्यांनी क्वेन्या आणि सिंदारिन या दोन भगिनी-भाषा वेगवेगळ्या वाटांनी वाढवल्या. म्हणून हंसाला क्वेन्यात 'अल्क्वा' आणि सिंदारिनमध्ये 'अल्फ' म्हणतात. 'क्व'च्या जागी ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारला जाणारा, ध्वनी येण्याचे हे वळण वेल्शसारख्या खऱ्या भाषांच्या इतिहासातही आहे, आणि सिंदारिनचा नाद घडवताना वेल्शच त्यांच्या कानांत होती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एस्पेरांतो आहे. लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे ती प्रसिद्ध केली, तेव्हा सोबत १६ नियम आणि सुमारे ९०० धातू दिले होते. नामाच्या शेवटी नेहमी 'ओ', विशेषणाच्या शेवटी नेहमी 'आ', आणि अपवाद कोठेही नाही. भिन्न भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांमधील वैर बालपणी जवळून पाहिलेल्या माणसाने सर्वांना लवकर शिकता येईल अशी भाषा देऊ केली होती. तिला इतिहासाचे ओझे नसणे हेच योग्य होते. आज काही घरांत मुले ती जन्मापासून ऐकत वाढतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माझा उद्देश निराळा आहे एवढेच.

व्याकरण रचतानाही मी प्रत्येक वैशिष्ट्याला पूर्वज शोधतो. मार्क ओक्रँड यांनी चित्रपटातील परग्रहवासीयांसाठी क्लिंगॉन घडवताना आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम मुद्दाम घेतला, कारण मानवी भाषांत तो अतिशय दुर्मिळ आहे. ब्राझीलमधील हिश्कारियाना या भाषेत मात्र तो खरोखर आढळतो. असा एखादा चमत्कारिक विशेष उचलून भाषेत बसवणे सोपे असते. तो तेथे कसा आला हे सांगता येणे अवघड, आणि मला त्यातच खरे समाधान मिळते. 'मुलगी आंबा खाते' येथे क्रियापद मुलीप्रमाणे चालते आणि 'मुलीने आंबा खाल्ला' येथे आंब्याप्रमाणे, याचे कारण असे की 'खाल्ला' हे रूप मुळात आंब्याचे वर्णन करणाऱ्या कर्मणी धातुसाधितापासून आलेले आहे. हिलुरमध्येही पूर्ण झालेल्या क्रियेचे क्रियापद कर्माशी जुळते, आणि त्याचा उगम मी तशाच एका विशेषणात ठेवला आहे. शिवाय तिच्यात स्वतः पाहिलेली गोष्ट आणि नुसती ऐकलेली गोष्ट यांसाठी क्रियापदाची दोन वेगळी रूपे आहेत. ऐकीव गोष्टीचा प्रत्यय 'सांगणे' या अर्थाच्या क्रियापदापासून झिजून तयार झाला; 'तो आला म्हणे' यातील 'म्हणे' आणखी काही शतके बोलला गेला तर त्याचे जे होऊ शकेल, ते मी हिलुरमध्ये घडवून पाहिले.

एवढे झाल्यावर शब्द. तेही शब्दकोश उघडून एकास एक असे भाषांतरित करत जाऊ नये, कारण मग मराठीच नव्या वेषात उभी राहते. काका, मामा, आत्या, मावशी ही नाती वेगवेगळ्या शब्दांनी ओळखायची की दोनच शब्दांत सामावायची, हात आणि बाहू यांना एकच नाव द्यायचे का, 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद ठेवायचा का, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. म्हणूनच माझी शब्दसंख्या अतिशय हळू वाढते आणि त्याची मला मुळीच खंत नाही.

हे वाचून कोणाला भाषा रचून पाहावीशी वाटल्यास वही घ्यावी आणि सात-आठ व्यंजने व तीन-चार स्वर निवडावेत. त्यांतून दोन अक्षरी वीस शब्द आणि अनेकवचनाचा एक प्रत्यय करावा. मग ध्वनिपरिवर्तनाचे तीन नियम लिहून ते सर्व शब्दांवर एका क्रमाने चालवावेत आणि नंतर क्रम बदलून पुन्हा चालवावेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचाव्यात. ज्या यादीतील रूपे पुन्हा पुन्हा उच्चारावीशी वाटतील, तिच्यापासून पुढे जावे.