रोज दीड वाजता मी कुठे जाते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. “मॅडम, दनपारां खंय वतात?” म्हणजे दुपारी कुठे जाता, हे पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात इतक्यांनी विचारून झालंय की एकदाच लिहून टाकते. ओरेंच्या खाडीवर. वीस मिनिटं. एकटी. कुणाला भेटायला नाही.

सिगारेटसाठी चारदा खाली उतरणाऱ्यांना कुणी विचारत नाही, हे जाता जाता.

पूर्वी मीही नावं ठेवायचे. कामाचा माणूस खुर्ची सोडत नाही म्हणायचे. मग तो मार्च आला. अकरा दिवस घर, एसी, घर. २९ तारखेला बँकेचा ताळमेळ २७,००० रुपयांनी चुकत होता. मी आमच्या ज्युनियर मुलीवर सगळ्यांसमोर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ती हळूच म्हणाली, “मॅडम, फरकाला नवाने भाग जातो.” म्हणजे बहुतेक दोन आकडे उलटे पडलेत. हे तिला मीच शिकवलं होतं. ६३,२०० च्या जागी ३६,२००, आणि नोंद माझ्या लॉगिनवरून. मी म्हटलं, “बरं, दुरुस्त कर.” एवढंच. ती तोंड धुऊन आली आणि दुरुस्त करून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुसतीच खाली उतरले, चालत खाडीपाशी पोचले. ओहोटी होती, वास मारत होता. चिखलातून खारफुटीची मुळं पेन्सिलींसारखी वर आलेली, आणि मधे बोटाएवढे खेकडे आपली एकच मोठी नांगी हलवत होते. मी ते मोजत बसले. चाळिसाच्या पुढे गणती चुकली आणि काही वाटलं नाही.

इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत बरी असल्याचं जास्त सांगितलं, असं २०१९ साली छापून आलं. माझी वीस गुणिले सहा, बरोबर १२०. पण हिशेबनीस आहे मी. आधीच बरे असलेलेच बाहेर पडत असतील, हेही कळतं. आणि हा कुजका वास निसर्गात धरायचा का?

आता ओरडत नाही असंही नाही. गेल्याच महिन्यात ओरडले. ती मुलगी जूनमध्ये नोकरी सोडून गेली, म्हापशाला लागली. कारण वेगळं होतं म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

काल साहेब म्हणाले, सगळ्यांनाच पाठवूया का दुपारी? म्हटलं, पाठवा. पण माझ्याबरोबर नको.